झेपत नाही म्हणजे नेमकं काय?

‘झेपत नाही’ हे आपल्याकडचं सर्वांत स्वस्त निदान आहे. मोबाइल अडकतोय? त्याला झेपत नाही, नवा घे. मुलगी गणितात मागे पडली? तिला झेपत नाही, दुसरी लाइन बघा. हे दोन शब्द उच्चारले की पुढे शोधायचं काही उरतच नाही.

माझी धाकटी बहीण सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिला एकाच लॅपटॉपवर तीन व्हर्च्युअल मशीन्स चालवायच्या होत्या. एकीवर डेटाबेस आणि उरलेल्या दोघींवर एकच वेब अ‍ॅप, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी काम चालू ठेवेल. एकेकटी चालवली तर प्रत्येक मशीन उत्तम. पण अ‍ॅपवाल्या दोघी एकदम सुरू केल्या की तमाशा. पान कधी उघडायचं, कधी लटकायचं. एकीत ठेवलेली फाइल पाच मिनिटांनी त्याच पत्त्यावर गेलं तर गायब, आणि थोड्या वेळाने पुन्हा हजर.

कॉलेजात तिला सांगितलं गेलं, “लॅपटॉपला झेपत नाहीये, सोपा विषय घे.” डेमोला ९ दिवस होते. त्या रात्री फोनवर ती म्हणाली, “दादा, लॅपटॉपचं सोड, मलाच झेपत नाहीये बहुतेक.”

लॅपटॉप १६ जीबी रॅमचा. त्याचे हप्ते मी अजून भरतोय. पण मला खुपलं ते तिचं दुसरं वाक्य.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली होती. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा मशीनच्या अटी मांडल्या. त्यातली एक अशी, की आत चालणारा प्रोग्रॅम खऱ्या मशीनवर जसा वागला असता तसाच इथेही वागला पाहिजे. सूट फक्त दोन गोष्टींना: वेळेत पडणारा फरक आणि साधनांची उपलब्धता. म्हणजे रॅम कमी पडली तर मशीन रखडेल. फारच ओढाताण झाली तर लिनक्स एखादा प्रोग्रॅम मारूनही टाकेल. पण एकीची फाइल दुसरीत गेल्यासारखी दिसणार नाही. ते दमल्याचं लक्षण नव्हे.

तरी आधी दमल्याची शंका फेडून घेतली. प्रत्येक मशीनला ४ जीबी दिले होते, ते २ केले. लक्षणं तीच. डेटाबेसवाली बंद ठेवली. तीच. म्हणजे भानगड रॅमची नव्हती.

मग तिला म्हटलं, दोन्ही मशीन्सच्या खिडक्या शेजारी शेजारी ठेव आणि प्रत्येकीचा नेटवर्कचा पत्ता वाच. ती ओरडलीच, “दोघींचा १०.०.२.१५! सापडलं!” नव्हतं सापडलं. तो इंटरनेटसाठीच्या नॅट कार्डचा पत्ता होता. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये साध्या नॅट रचनेत प्रत्येक मशीनला स्वतःचं वेगळं, खासगी नेटवर्क मिळतं, त्यामुळे तिथे सगळ्यांना हाच पत्ता मिळणं स्वाभाविक आहे. दोन वेगळ्या गावांत घर नंबर १५ असायला कुणाची हरकत? पण मशीन्स एकमेकींशी ज्या दुसऱ्या कार्डावरून बोलायच्या, तिथेही दोघींचा पत्ता एकच निघाला. १९२.१६८.५६.१०१. एकाच गल्लीत एकाच नंबरची दोन घरं. पोस्टमन कधी या दारात जाणार, कधी त्या.

पण दोघींचे मॅक अ‍ॅड्रेस तर वेगळे होते. मग पत्ता एक कसा?

तिने एक मशीन नीट तयार करून तिचा क्लोन काढला होता. सगळे तसंच करतात. क्लोन काढताना नव्या मशीनला नवा मॅक अ‍ॅड्रेस मिळतो. पण लिनक्सच्या आत मशीन-आयडी नावाची एक छोटी फाइल असते, तिच्यात ३२ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. नकलेबरोबर तोही जसाच्या तसा जातो. काही लिनक्स प्रणाली डीएचसीपीकडे पत्ता मागताना मॅक अ‍ॅड्रेसऐवजी या क्रमांकावरून बनवलेली ओळख पुढे करतात. रेशन दुकानदार चेहरा न बघता कार्ड नंबर बघतो, तसा डीएचसीपी ही ओळख बघतो आणि त्याच नावाचा पत्ता पुन्हा देतो.

यातला सर्वांत फसवा भाग पुढे होता. एसएसएचने लॉगिन करताना समोरचं मशीन बदललेलं असेल तर मोठ्ठा इशारा येतो. इथे आला नाही, कारण त्या इशाऱ्यामागच्या चाव्यासुद्धा क्लोनमध्ये तशाच आल्या होत्या. पहारेकऱ्याच्या दृष्टीने दोघी एकच होत्या.

उपाय दहा मिनिटांचा. क्लोनच्या स्वतःच्या खिडकीतून मशीन-आयडीची फाइल रिकामी केली, एसएसएचच्या जुन्या चाव्या काढून नव्या बनवल्या आणि मशीन रीस्टार्ट केलं. फाइल उडवायची नाही, फक्त रिकामी करायची; सुरू होताना मशीन स्वतःच नवा क्रमांक लिहून घेतं. या वेळी पत्ता आला १०२. फोनवर थोडा वेळ नुसताच कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “चालतंय रे.”

डेमोत तिने परीक्षकांसमोर एक अ‍ॅपवाली मशीन मुद्दाम बंद केली. पान उघडंच राहिलं.

नंतर कळलं, की तिच्या वर्गातल्या आणखी एका मुलीनेही ‘झेपत नाही’ ऐकून असाच विषय सोडला होता. ही तिच्याकडे जाऊन बसली. आधी ओळख क्रमांक पाहिले, ते वेगवेगळे होते. मग रॅम पाहिली. ८ जीबीचा लॅपटॉप, तिन्ही मशीन्स सुरू झाल्या की मोकळं जवळपास काही उरत नव्हतं आणि डिस्क सतत घरघरत होती. तिथे खरंच झेपत नव्हतं. दोघींनी मिळून एक मशीन कमी केली, उरलेल्यांना दीड दीड जीबी दिले आणि त्या मुलीचाही प्रोजेक्ट उभा राहिला.