नागगोळीचं काय करायचं?

संपादकांनी विषय दिला, ‘फटाके आणि मुलांची फुफ्फुसं’. प्रस्तुत लेखकाचा धंदाच मुलांच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्याचा, त्यामुळे नकाराची सोय नव्हती. शिवाय गेल्या भाऊबीजेची एक केस डोक्यातून जात नव्हती. चार वर्षांचा मुलगा, छातीत घरघर, दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, आणि आजोबा शपथेवर सांगतायत, “डॉक्टर, एकही फटाका वाजवला नाही. नुसत्या नागगोळ्या!”

नुसत्या?

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 मध्ये फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा पहिला नंबर नागगोळीचाच आला: घनमीटरमागे पीएम 2.5 कण 64,500 मायक्रोग्रॅम. माळेचे 38,540, फुलबाजीचे 10,390 आणि पालक ज्याला बिचकतात त्या भुईनळ्याचे 4,860. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची चोवीस तासांची मर्यादा आहे 15. अर्थात, क्षणिक उच्चांक आणि दिवसभराची सरासरी यांची थेट तुलना शास्त्राला धरून नाही. सहकारी लगेच कान पकडतील. पण नागगोळीवर ओणवं होऊन ‘साप’ बघणाऱ्या मुलाचं नाक त्या उच्चांकातच असतं.

त्यात मूल मिनिटाला पंचवीसेक श्वास घेतं, मोठी माणसं बारा ते वीस. श्वासनलिकाही अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली, की हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. मोठ्यांना जिथे नुसता ठसका लागतो, तिथे मूल धापा टाकू लागतं.

सोसायटीच्या सभेत मात्र वाद रंगतो तो डेसिबलचा. सुतळी बॉम्ब बंद, आवाज बंद, झाली पर्यावरणपूरक दिवाळी! नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या हरित फटाक्यांतून कण सुमारे तीस टक्के कमी निघतात. ऐकणारा मात्र ‘धूर नाही’ असंच ऐकतो. आणि या मुलांना इनहेलर लिहून दिला, की तेच पालक विचारतात, “पंपाची सवय तर नाही ना लागणार?”

फटाके निदान चार दिवसांत संपतात. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल वर्षभर असते. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. मग रस्ता. लंडनच्या एला अडू-किसी-डेब्रा या दम्याच्या मुलीचं घर वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रोडजवळ होतं. 2013 मध्ये, नऊ वर्षांची असताना ती गेली. तिच्या मृत्यूला प्रदूषित हवेचाही हातभार लागला, हे मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत मान्य व्हायला डिसेंबर 2020 उजाडलं.

दक्षिण कॅलिफोर्नियात हवा सुधारत गेली, तशी फुफ्फुसांची क्षमता बरीच कमी असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांचं प्रमाण 7.9 वरून 3.6 टक्क्यांवर आलं. हा बदल काढ्याने किंवा हळदीच्या दुधाने झाला नाही. गाड्या आणि इंधनावरच्या कडक नियमांनी हवा बदलली. प्रस्तुत लेखकाने एका शाळेला एवढंच सुचवलं होतं, की फाटकाशी थांबलेल्या व्हॅनची इंजिनं बंद ठेवायला लावा. मुख्याध्यापिकाबाईंनी परिपत्रक काढलं. ते दोन आठवडे पाळलं गेलं. मग पाऊस सुरू झाला आणि पालकांनीच व्हॅन पुन्हा फाटकाशी बोलावल्या.