मधले दिवस कोणाचे?

रेने फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये बायपासला नाव मिळवून दिलं. त्याआधी बारा वर्षं ते अर्जेंटिनातल्या एका खेड्यात डॉक्टरकी करत होते. १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंटझिग यांनी फुग्याने हृदयाची धमनी उघडली. पुढे स्टेंट आला. बायपास की स्टेंट, असा वाद बरीच वर्षं चालला. आता काही रुग्णांना दोन्ही मिळून सुचवतात.

तिवशाच्या मामांना तसंच सुचवलं. फाईल मिटून ते म्हणाले, "एका कामाले दोन मिस्त्री कायले लागते, बाप्पा?"

कारण आहे. छातीच्या आतली धमनी हृदयाच्या समोरच्या मोठ्या धमनीला जोडली, तर दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत ती वाहती असते. पायाची शीर तेवढी टिकत नाही. म्हणून समोर बायपास, तोही जमल्यास बरगड्यांमधल्या लहान छेदातून. आणि बाकीच्या ठिकाणी शिरेऐवजी स्टेंट. मधुमेह असून बऱ्याच धमन्या अडल्या असतील, तर मात्र पूर्ण बायपासच बहुधा सरस.

पेच आहे तो क्रमाचा. स्टेंट बसला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चुकवायच्या नसतात. सर्जनला तर रक्त वेळेवर गोठायला हवं. आधी स्टेंट घातला, तर शस्त्रक्रियेत रक्तस्रावाची भीती; गोळ्या थांबवल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटक्याची. आधी बायपास केला, तर स्टेंट घालताना नवी जोडणीही तपासून होते. पण तोवर उरलेले अडथळे तसेच असतात. झटका आलेल्या माणसाची दोषी धमनी वेगळीच असेल, तर आधी तिथे स्टेंट. शिवाय धमन्या दिसाव्यात म्हणून सोडलेला डाय पुन्हापुन्हा गेला की किडनीवर ताण येतो.

दोन उपचारांमधले हे दिवस बहुतेकदा घरी जातात. तिवसा नागपूर-अमरावती रस्त्यावर असलं, तरी रात्री दोन वाजता दोन्ही शहरं लांबच. मामांनी संत्र्याच्या फवारणीच्या वहीतच एक पान आखलं: कोणती गोळी, कोणत्या तारखेला बंद, परत कधी सुरू, कोणी सांगितलं. खाली लिहिलं, "मंधात छातीत दुखलं तं फोन कोनाले?"

सर्जनला की कार्डिओलॉजिस्टला, हे नाव-नंबरासह कळल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये, असं माझं आता मत झालं आहे.