खापरावरचे खोटे मांडे

सत्तरच्या दशकात आमच्या खान्देशात भातुकली विकत आणावी लागते, असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. जळगावच्या रथाला किंवा धुळ्यात एकवीरादेवीच्या यात्रेला गेलं की लाल-पिवळी लाकडी बोळकी मिळायची. आठ दिवसांत ती हरवायची, खेळ मात्र चालूच राहायचा. केळीच्या पानाचे तुकडे पत्रावळी व्हायचे, चिंचोके पैसे व्हायचे, डालड्याच्या डब्यांची झाकणं आणि सुतळी मिळून तराजू. जिनिंगजवळ सांडलेली सरकी कधी तूरडाळ, कधी साखर. गिऱ्हाईक मागेल ते.

खेळातला मोठा स्वयंपाक म्हणजे मांडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी चुलीवर खापर पालथं पडायचं आणि आई-काकू पुरणाचा मांडा हातांवर झेलत कोपरापर्यंत पातळ करायच्या. आमचं खापर म्हणजे फुटका माठ, आणि मांडा म्हणजे ओला हातरुमाल. पाच वर्षांची पोर तो रुमाल दोन्ही मनगटांवर फिरवायची आणि माठावर टाकताना तोंड मागे घ्यायची, धग लागते म्हणून! चूल नाही, जाळ नाही, तरी धग खरी. समोर नसलेली गोष्ट मनात धरून तिच्याप्रमाणे वागायचं, हा बुद्धीचा केवढा मोठा व्यायाम आहे, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

भाषेचंही तसंच. आजारी बाहुलीची आई अहिराणीत सांगायची, "मन्हा पोऱ्याले ताप येल शे." डॉक्टर झालेला पोरगा मात्र पुस्तकी मराठीत, "जीभ दाखवा, घाबरू नका." शाळा-शाळा खेळताना गुरुजीही अस्सल प्रमाण भाषेतच ओरडायचे. कुणाशी कसं बोलावं, हे आम्ही खेळातच गिरवलं.

भुसावळ जंक्शन जवळ, त्यामुळे आगगाडीचा खेळ ठरलेला. एकमेकांच्या सदऱ्याची टोकं धरून डबे उभे राहायचे आणि केळीचं पान हलवणारा गार्ड व्हायला मारामारी व्हायची. पान हलेपर्यंत डब्यानं हलायचं नाही. एरवी पाटावर पाच मिनिटं न टिकणारं पोरही तिथे मुकाट उभं राहायचं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात हेच मांडलं होतं: भूमिका घेतली की तिचे नियम मूल आपणहून पाळतं आणि आपल्या वयापेक्षा मोठं होऊन वागतं. पुढे तिकडच्या प्रयोगांतही, पहारेकऱ्याची भूमिका दिलेली मुलं नुसतं "उभा राहा" म्हटलेल्या मुलांपेक्षा जास्त वेळ स्थिर राहिली.

त्या काळाचे गोडवे गाताना एक मात्र कबूल करायला हवं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणताना, डबा कानाशी हलवून खाऊ ओळखताना मजा यायची. पण त्या गाण्यांतून सात-आठ वर्षांच्या पोरी सासुरवासाचीच तालीम करत होत्या. चूल मुलींची, तराजू आणि ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी मुलांची, ही वाटणी अंगणातच व्हायची.

आज जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर किचन सेट, डॉक्टर सेट, टूल किट हारीने टांगलेले दिसतात. मुली बस चालवतात, पोलीस होतात. मुलगे बाळाला झोपवतात. हा बदल आमच्या काळापेक्षा नक्कीच चांगला. दुकानाचा खेळही गेलेला नाही. चिंचोके गेले, त्या जागी पुठ्ठ्यावर काढलेला क्यूआर कोड आला आणि "पेमेंट मिळाले" असं यंत्राच्या आवाजात बोलायची हौस आली. शाळा-शाळा खेळताना गुरुजींची टीचर झाली आणि ती इंग्रजीत दटावते. मूल जे पाहतं तेच खेळतं, हा कायदा बदललेला नाही.

कमी झालं आहे ते वेगळंच. बॅटरीवरच्या शेगडीत चुर्र असा आवाज शेगडीच काढते. मुलाला तो मनात आणावा लागत नाही. फ्लॅटमध्ये वेगवेगळ्या वयाचे सवंगडी नाहीत. क्लासमुळे सलग रिकामी दुपार नाही. आणि मोठ्यांचं काम म्हणजे मोबाइलवर फिरणारं बोट. त्याची नक्कल करून करणार किती?

खोक्यावरच्या 'बुद्धी वाढवा' या जाहिरातीलाही भुलू नये. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा नाटकी खेळामुळेच बुद्धी वाढते असा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. भाषा, गोष्ट रचणं आणि भावना सावरणं याबाबत मात्र शक्यता मोकळी राहिली. म्हणजे महागडा सेट आणला नाही तर मूल मागे पडेल, ही भीती सोडून द्या.

खेळणी जरूर आणा. १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची झालेली आयएसआय खूण तेवढी बघून घ्या. त्यासोबत घरातली झाकणं, जुनी ओढणी, रिकामी खोकी द्या. शेजारची दोन मुलं बोलवा. तुम्ही भाकरी थापत असाल, पंक्चर काढत असाल, तर त्यांना जवळ बसून पाहू द्या. आणि त्यांनी मातीचं भरीत पुढे केलं, तर मोबाइल बाजूला ठेवून "मीठ कमी आहे" असं जरूर सांगा.