सदतीस अंशांचा मुक्काम

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत येणारा पाहुणा मायक्रोस्कोपला डोळा लावतो, इन्क्युबेटरकडे बघतही नाही. तो असतो कोपऱ्यात. कपाटाएवढा, मळखाऊ रंगाचा, खालच्या कडेला गंज धरलेला. बाहेरचं दार जाड, आणि ते उघडलं की आत काचेचं दुसरं दार. हे दुसरं दार मला त्या यंत्राचा सगळ्यात शहाणा भाग वाटतो. बघायचं असेल तर बघा, पण ऊब बाहेर सांडू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

काचेपलीकडे पेट्री डिश उलट्या रचलेल्या असतात, झाकण खाली आणि तळ वर. वाफेचे थेंब झाकणावर जमून वाढीवर पडले, तर जंतूंच्या वेगवेगळ्या वसाहतींचा काला होतो, म्हणून ही उलटी मांडणी. तळावर मार्करने रुग्णाचा नंबर आणि तारीख. संध्याकाळी ‘कल्चर लावलं’ की रात्रभर आत काय चालतं ते दिसत नाही. सकाळी दार उघडल्यावर आधी वास येतो. स्यूडोमोनास नावाचा जंतू असेल तर द्राक्षांसारखा, चक्क गोडसर. प्लेट नाकाशी नेऊ नये असं आता शिकवतात आणि ते योग्यच आहे, पण दार उघडताना श्वास कोण रोखून धरतं? प्रोटियस असेल तर रक्त मिसळलेल्या लाल अगारवर एकाबाहेर एक लाटा पसरलेल्या दिसतात आणि शेजारच्या वसाहती त्यांच्याखाली बुडून गेलेल्या असतात. तंत्रज्ञ वैतागतात. मला मात्र त्या लाटा बघत राहावंसं वाटतं.

दारावर एक तक्ता चिकटवलेला असतो. सकाळी आणि संध्याकाळी तापमान बघायचं, लिहायचं, सही करायची. महिनाभर ओळीने ३७.०, ३७.०, ३७.० लिहिलेला तक्ता दिसला की मी तो खरा मानत नाही. तो खुर्चीत बसून एका दमात भरलेला असतो. खऱ्या तक्त्यात ३६.८ असतं, ३७.२ असतं, आणि विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी, दार सारखं उघडल्यामुळे, ३५ च्या घरातला एखादा आकडाही असतो. जुन्या यंत्रांत थर्मोस्टॅटचा ‘टक्’ असा आवाज ऐकू यायचा. हीटर चालू होई, पारा जरा वर जाई, टक्, हीटर बंद. पारा उतरू लागे, पुन्हा टक्. आकडा ३७ चा लावलेला असला, तरी यंत्र सदतीसवर थांबलेलं नसतंच. वर जाताना आणि खाली येताना ते फक्त त्याला शिवून जातं. नव्या डिजिटल यंत्रांत हे हेलकावे लहान झाले आणि आवाज गेला, इतकाच फरक.

लोडशेडिंगच्या दिवसांत ही जाड दारं आणि दुहेरी भिंती किती कामाच्या ते कळायचं. वीज गेली की पहिला हुकूम सुटे: इन्क्युबेटर कुणी उघडायचा नाही. बंद ठेवला तर आतली ऊब बराच वेळ टिकते. तरी कुणीतरी ‘फक्त बघायला’ उघडायचंच.

हा सदतीसचा आकडा आपलाच, आपल्या अंगातून उचललेला. जर्मनीतल्या लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून असंख्य नोंदी घेतल्या आणि १८६८ साली त्यांचा ग्रंथ आला. निरोगी माणसाचं तापमान म्हणून ३७ रूढ झालं ते त्यातून. शरीराचा तक्ताही काही सरळ नसतो म्हणा. पहाटे आपण थोडे थंड असतो आणि संध्याकाळी अर्धा अंश गरम. जंतू शिरला की मेंदूतला हायपोथॅलॅमस स्वतःच काटा वर सरकवतो आणि आपण म्हणतो, ताप भरला. इन्क्युबेटरला ताप भरत नाही. तो माणसाची ऊब देतो, पण पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडं यांतलं काहीच देत नाही. जंतूंच्या दृष्टीने याहून सुखाचं शरीर नाही.

अशा यंत्राची सुरुवात मात्र जंतूंसाठी झाली नव्हती. सतराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने कोंबडीची अंडी उबवण्यासाठी भट्टी बनवली. उष्णता वाढली की पारा चढे आणि भट्टीची हवा कमी करी. आग स्वतःलाच आवरते, ही कल्पना त्या काळात जादूसारखीच वाटली असणार.

जंतू बदलला की आकडा बदलतो, आणि आकड्यावरून जंतूचं बिऱ्हाड ओळखता येतं. कॅम्पिलोबॅक्टर ४२ अंशांवर लावतात, कारण तो पक्ष्यांच्या आतड्यात राहतो आणि पक्ष्यांचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. माशांत क्षयासारखा आजार करणाऱ्या जंतूला ३० च्या आसपास बरं वाटतं. प्लेगच्या जंतूला २८ च्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणजे जवळजवळ मुंबईची हवाच. १८९६ च्या साथीत मुंबईला आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तो मांसरसात वाढवला, आणि वर तरंगायला घातलं ते आपलं साजूक तूप! तुपाच्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली झुंबरासारखी लोंबू लागे. मग ती उष्णतेने मारायची आणि तिची लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली.

एक जंतू मात्र कुठल्याच आकड्याला बधला नाही. नॉर्वेतल्या हान्सेन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. तेव्हापासून त्याला किती तऱ्हेची माध्यमं आणि किती तापमानं देऊन झाली, तरी तो प्लेटवर वाढला नाही. त्याला शरीराच्या थंड जागा आवडतात: कानाची पाळी, नाक, हातपाय. शिवाय एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात, जिथे ई. कोलाय वीस मिनिटांत काम उरकतो. १९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढवता आला आणि पुढे आर्मडिलो नावाच्या खवल्यांच्या अमेरिकी प्राण्यात, कारण त्याचं अंगच आपल्यापेक्षा थंड. त्याआधी आनंदवनाचे बाबा आमटे कलकत्त्याला कुष्ठरोगाचा अभ्यास करायला गेले होते. तिथे या जंतूच्या प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचं शरीर पुढे केलं आणि जंतू टोचून घेतले. त्यांना लागण झाली नाही. वैज्ञानिक म्हणतील प्रयोग फसला, पण इतक्या धैर्याने फसलेला दुसरा प्रयोग मला ठाऊक नाही.

इन्क्युबेटरमध्ये हा जंतू अजूनही वाढवता आलेला नाही. रोग मात्र बरा होतो: सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळ्यांनी, सहा महिने ते वर्षभरात, एक पैसाही न देता.