दंडावरची खूण

आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीचा व्रण असतो. माझा शाळेत पडला. टोचणारे आले की वर्गात रडारड सुरू व्हायची आणि गुरुजी एकेकाची बाही वर करून त्याला पुढे ढकलायचे. हिचा व्रण ब्लाउजच्या बाहीखाली अर्धा झाकलेला. लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी तो माझ्या नजरेस पडला. मुलाला जन्मल्यावर लस दिली, तेव्हा महिन्याभराने दंडावर पुळी आली, पिकली, आणि ही घाबरून गेली. "हात लावू नकोस, लस लागू पडल्येय," आई म्हणाली. पुळी आपोआप सुकली आणि बीसीजीचा विषय आमच्या घरातून संपला.

तो परत निघाला हिच्या साठीनंतर, मूत्राशयाच्या कर्करोगावरचा इलाज म्हणून.

लघवीतून रक्त जात होतं, दुखत मात्र काहीच नव्हतं. बाईमाणसाच्या बाबतीत अशा रक्ताचा अर्थ फार पटकन लावला जातो: युरिन इन्फेक्शन. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, रक्त थांबलं, पुन्हा आलं, पुन्हा कोर्स झाला. या आजारातलं रक्त मुळातच असं येतं-जातं, आणि थांबलं की सगळे निर्धास्त होतात. बायकांमध्ये निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं, त्याचं हे एक मोठं कारण. शेवटी एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासणी करायला लावली आणि गाठ दिसली.

ती दुर्बिणीतूनच खरवडून काढली. रिपोर्ट आला: आजार स्नायूपर्यंत पोचलेला नाही, पण जहाल आहे, उलटू शकतो. "आता पिशवीत बीसीजी सोडायची. आठवड्याला एक, असे सहा डोस," डॉक्टर म्हणाले. ही माझ्याकडे बघू लागली. "अहो, ती बाळांची लस?"

तीच. फ्रान्सच्या काल्मेत आणि गेराँ यांनी १९०८ पासून १३ वर्षं गाईच्या क्षयाचा जंतू बैलाच्या पित्तात भिजवलेल्या बटाट्यावर वाढवत त्याचा जहालपणा मोडला; १९२१ मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला तोंडावाटे दिला. १९७६ मध्ये कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी ही लस मूत्राशयात सोडून कर्करोगाला उतार पडतो हे दाखवलं. जंतू जिवंतच असतो, मात्रा बाळाच्या लशीच्या कितीतरी पट. त्याला हुसकायला शरीराची फौज पिशवीत उतरते आणि कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडते.

मग थांबणं सुरू झालं. पहिलं थांबणं शरीराचं. खरवडलेली जागा भरून यायला काही आठवडे द्यावेच लागतात. लघवीत रक्त असताना हे जंतू आत सोडले तर ते रक्तात शिरू शकतात. कारण समजल्यावर ते दिवस जड गेले नाहीत.

दुसरं थांबणं औषधाच्या दुकानातलं. तारीख मिळाली आणि औषध मिळेना. "स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात बघा." हा जंतू सावकाश वाढतो, औषध बनवणाऱ्या कंपन्या जगातच मोजक्या, एका कारखान्यात काम अडलं की देशोदेशी टंचाई होते. कारण खरं होतं, पण त्याने समाधान होईना, कारण या थांबण्यात काहीच भरून येत नव्हतं. कपड्यांच्या घड्या घालता घालता ही म्हणाली, "आत काय चाललंय ते दिसत असतं तर बरं होतं." मी मिरज, कोल्हापूर, पुणे असे फोन लावत राहिलो. तोवर दुसरं औषध सोडता येईल का, हे डॉक्टरांना विचारलं. त्यांनी त्याचीही तयारी ठेवली.

अखेर कोल्हापुरातून कुपी मिळाली. बर्फाचा डबा मांडीवर धरून एसटीने आलो. नळीतून औषध आत गेलं की दोन तास लघवी धरायची. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाव-पाव तासाने कूस बदलायची: उताणं, डावीकडे, पालथं, उजवीकडे. मी घड्याळ बघून सांगायचो. पुढचे सहा तास ही संडासला जाऊन आली की ब्लीच ओतायचं, पाव तास थांबायचं, मग पाणी सोडायचं. ते काम मी माझ्याकडे घेतलं. आग व्हायची, अंगात कणकण यायची. ही दात आवळून बसायची, मी शेजारी बसायचो.

आजारी माणसाच्या जोडीदाराला मी एवढंच सांगेन: थांबा म्हटलं की कशासाठी, हे विचारा. जखम भरण्यासाठी असेल तर धीर धरा. औषध आलं नाही, यंत्र बंद आहे, रिपोर्ट टेबलावर पडून आहे, म्हणून असेल तर गप्प बसू नका. आजारी माणसात भांडायचं त्राण नसतं, ते आपण दाखवायचं. १९४८ मध्ये मद्रासच्या गिंडीत प्रयोगशाळा उभारून या देशाने ही लस बनवायला घेतली आणि खेड्यापाड्यांतल्या लेकरांपर्यंत नेली. त्या ओढगस्तीच्या काळात जे जमलं, ते आज या रुग्णांसाठी जमायलाच हवं.