खो न मिळालेला

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. त्यानंतर काही आठवड्यांनी हट्ट्याला (ता. वसमत) पहिली-दुसरीच्या मुलांचा खो-खो पाहण्याचा योग आला. फक्कीच्या रेषा, दोन लाकडी खांब, पलीकडे पाला वाळलेली, काढणीला आलेली हळद.

आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. नियम मोठ्यांचेच : पाठीवर थाप आणि 'खो' हा उच्चार झाल्याखेरीज उठायचे नाही, उठल्यावर मधली पाटी ओलांडायची नाही. सहा वर्षांच्या मुलाने एवढे व्याकरण सांभाळायचे! आपल्या भाषेत 'खो घालणे' म्हणजे मोडता घालणे. मैदानावर मात्र खो मिळाल्यावाचून बसलेला जागचा हलू शकत नाही. हा अर्थविपर्यास मी वर्गात अनेकदा सांगितला आहे, किंचित मिरवतही.

तिसऱ्या चौकातल्या मुलाला कोणी खो देईना. दर वेळी तो अर्धवट उठे, पुन्हा बसे. त्याची पाठ पाहवेना. दुसरीत असताना एक अख्खा डाव मी असाच बसून काढला होता आणि घरी मात्र 'दोघांना बाद केले' असे सांगितले होते. आई अजूनही पाहुण्यांना ते कौतुकाने सांगते. मी ऐकून घेतो.

अखेर त्याला खो मिळाला. तो उठला, गर्रकन मागे वळला आणि मधली पाटी ओलांडून सुटला. शिट्टी वाजली. तो थांबला नाही; थेट हळदीच्या बांधापर्यंत धावत गेला.