कोन गांवचा कोन

पनवेलहून पुण्याच्या जुन्या रस्त्याला लागून पळस्पें मागें टाकलें कीं थोड्याच वेळांत कोन गांव येतें. भातखाचरें, त्यांच्या कडेनें उभ्या राहिलेल्या नव्या उंच इमारती आणि पूर्वेस प्रबळगड व माथेरान यांच्या निळसर भिंती, असें या ठिकाणचें आजचें रूप आहे. गांवाच्या शिवेजवळ आमच्या एकत्र कुटुंबाची थोडीशी जमीन आहे. तीवर घर बांधावें, सुटींत सर्व भावंडांनीं तेथें जमावें आणि उतारवयांत वडील माणसांनीं तेथेंच राहावें, असा आमच्या दादांचा कित्येक वर्षांचा मनोदय. वहिनी राजी, मुलें तर केव्हांचींच राजी. अडून बसल्या होत्या त्या एकट्या आमच्या आत्याबाई. “जमीन घट्ट आहे कां, तें मला आधीं सांगा,” एवढाच त्यांचा प्रश्न. पण त्याचें उत्तर कोणालाच देतां येईना.

या प्रश्नामागें एक जुनें दुःख आहे. १९६७ सालीं आत्याबाई नुकतेंच लग्न होऊन पाटण तालुक्यांतील एका खेड्यांत नांदत होत्या. ११ डिसेंबरच्या पहाटे, साडेचारच्या सुमारास, कोयनेचा भूकंप झाला. दगडमातीची भिंत माजघरांत कोसळली आणि तिच्याखालीं त्यांची धाकटी नणंद सांपडली. त्या दिवसापासून कोणत्याही नव्या घरांत पाऊल टाकतांना आत्याबाई प्रथम भिंतीला हात लावून पाहतात. म्हणून, भूगर्भशास्त्र शिकणारा आमचा पुतण्या सुटींत घरीं येतांच दादांनीं त्यालाच पुढें घातलें आणि आम्ही सर्व मंडळी कोनला गेलों.

सह्याद्रि म्हणजे हिमालयाचाच धाकटा भाऊ, जमिनीला चुण्या पडून वर आलेला, अशी माझी आजवरची समजूत होती. पुतण्यानें ती प्रथम दूर केली. हिमालय हा दोन भूखंडांच्या टकरींतून उपजला. आपला भूखंड अजूनही दर वर्षीं सुमारें पांच सेंटिमीटर उत्तर-पूर्वेकडे सरकत असल्यामुळें ती टक्कर आजही थांबलेली नाहीं. सह्याद्रीची कुळकथा वेगळी. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. अशा रीतीनें थरावर थर चढून दख्खनचें पठार झालें. पुढें पश्चिमेकडील जमीन तुटली व खचली, आणि त्या तुटलेल्या कांठाला पावसानें व नद्यांनीं कोरीत कोरीत पूर्वेकडे मागें नेलें. तो कोरलेला कांठ म्हणजेच सह्याद्रि. घांटमाथ्यावरून येणाऱ्यास सपाटीवर चालतां चालतां एकाएकीं कडा लागतो. भिंतीसारखा उभा पर्वत दिसतो तो आपणां कोंकणांतून पाहणाऱ्यांनाच.

“मग येथें तुटलें कोठें, तें दाखव,” दादा म्हणाले. रस्त्यासाठीं तासलेल्या एका टेकडीच्या बगलेपाशीं त्यानें आम्हांस नेलें. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें तांबड्या मातीचा एक पट्टा होता. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्यें जो काळ गेला, त्यांत खालच्या दगडाचा वरचा भाग झिजून ही माती झालेली. त्या पट्ट्यालगतच्या उघड्या फरशीवर त्यानें आत्याबाईंच्या तांब्यांतलें थोडें पाणी ओतलें. ओघळ सावकाश पश्चिमेकडे निघाला. “ही झाली कलण्याची दिशा,” असें म्हणून त्यानें होकायंत्राला जोडलेल्या कोनमापकानें फरशीचा कल मोजला आणि वहींत टिपला. गांवाचें नांव कोन आणि मोजावयाचा तोही कोनच, यावर मुलांची हंसून पुरेवाट झाली!

परंतु एका जागेच्या मापावर शास्त्रज्ञ विसंबत नाहींत. लाव्हा मुळांतच उतारावर थिजला असेल, किंवा दरड घसरून शिळा तिरकी झाली असेल. म्हणून गांवोगांवच्या टेकड्यांवर, खाणींत, ओढ्यांच्या पात्रांत हेंच माप घेतात आणि तीं सर्व नकाशावर मांडतात. तसें केल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसून येते. घांटमाथ्यावर जवळजवळ आडवे असलेले थर पनवेलच्या आसपास पश्चिमेकडे वांकूं लागतात, आणि मुंबईच्या बाजूस कांहीं ठिकाणीं दहा अंशांहूनही अधिक कलतात. उत्तर-दक्षिण सुमारें दीडशें किलोमीटर पसरलेल्या या वळणास ऑडन या भूगर्भशास्त्रज्ञानें १९४९ सालीं पनवेलचेंच नांव दिलें. ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणून तें जगभरच्या ग्रंथांत आहे. भाजी आणावयास आपण ज्या पनवेलला जातों त्याची ही कीर्ति आपल्याच घरांत कोणास ठाऊक नव्हती!

हें वळण पडलें कसें? पुतण्यानें फडताळांतील पुस्तकांचा दाखला दिला. ओळीनें उभीं ठेवलेलीं पुस्तकें एका बाजूस आधार सुटतांच कलतात. त्यांचे माथे पश्चिमेकडे झुकले तर प्रत्येकाची वरची कडाही पश्चिमेकडे उतरती होते; मात्र दोन पुस्तकांमधील फट खालीं जातांना पूर्वेकडे जाते. कडा म्हणजे लाव्ह्याचे थर आणि फट म्हणजे भ्रंश. घारापुरी बेटावर असे दोन मोठे भ्रंश असल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविलें आहे. तेथील दगडांवर एक बाजू दुसरीवर घासत गेल्याचे गुळगुळीत ओरखडे आहेत, आणि जमीन नुसती खालीं न जातां तिरकीही सरकली असल्याचें त्यांवरून कळतें. उरण, न्हावा-शेवा व बेलपाडा येथील भ्रंशही त्याच मालिकेंतले. सहा कोटी वर्षांहूनही पूर्वीं आजचीं सेशेल्स बेटें आपल्या किनाऱ्यापासून विलग झालीं. ही मोडतोड त्या ताटातुटीशीं निगडित आहे.

येथवर आत्याबाई निमूटपणें ऐकत होत्या. आतां त्या म्हणाल्या, “तुटलें तें फार पूर्वीं, हें समजलें. पण तें अजून तुटतें आहे कां?”

शास्त्रज्ञांचाही खरा कस लागतो तो याच प्रश्नापाशीं. जुना भ्रंश दगडांत दिसतो; परंतु तो जागा आहे कीं निजलेला, हें दगड सांगत नाहीं. त्यासाठीं भ्रंशावर खंदक खणून अलीकडची माती दुभंगली आहे कां तें पाहतात. भूकंपमापकें बसवून माणसास न जाणवणारे धक्के टिपतात. उपग्रहांच्या साह्यानें जमिनीची मिलिमीटरांतली हालचाल वर्षानुवर्षें मोजतात. पनवेलच्या या पट्ट्याखालीं बारीक धक्के नोंदले गेले आहेत. म्हणजे येथील भूमि अगदींच निश्चल नाहीं. हिमालयाकडील रेट्याचा ताण भूखंडाच्या पोटांतही पोंचतो, आणि जुन्या दुबळ्या भेगा त्याला वाट करून देतात. मात्र भूखंडाच्या आंत हा ताण सांचण्यास शेंकडों, प्रसंगीं हजारों वर्षें लागतात. त्यामुळें आपल्या आठवणींत भूकंप नाहीं एवढ्यावरून निर्धास्त होतां येत नाहीं.

कोयनेचेंच पाहा. १९६२ पासून धरणांत पाणी सांठूं लागलें, धक्के जाणवूं लागले आणि १९६७ सालीं ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पाण्याच्या भारानें व खालीं झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबानें आधींच ताणलेला भ्रंश सुटला, असें आतां मानतात. तो पाहावयाचा तर लाव्ह्याच्या जाड थराखालीं उतरावें लागतें. म्हणून गोठणें येथें तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें व तें २०१७ सालीं पुरें झालें. सुमारें सव्वा किलोमीटरपर्यंत काळा दगडच लागला आणि मग जुना पाया हातीं आला. किल्लारीस तर भूमीवर ठळक खूणच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून निजलेलीं हजारों माणसें पुन्हा उठलीं नाहींत. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून लागोपाठ धक्के बसूं लागले, तेव्हां लोकांनीं कित्येक रात्री अंगणांत काढल्या.

“आत्याआजी,” पुतण्या म्हणाला, “भूकंप कोणत्या दिवशीं होईल हें आज जगांत कोणालाही सांगतां येत नाहीं, मी खोटा धीर देणार नाहीं. भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तींत मुंबई तिसऱ्या पट्ट्यांत आणि कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यांत आहे. म्हणजे येथें धोका तुमच्या सासरपेक्षां कमी, पण शून्य नव्हे. किल्लारीस माणसें दगावलीं तीं मुख्यतः गोट्यांच्या जाड भिंतींखालीं आणि मातीच्या जड माळवदांखालीं. भिंत मजबूत असून जोत्याशीं, दारांच्या चौकटींवर आणि छपराखालीं सळयांचा सलग पट्टा फिरविला, तर धक्का बसला तरी चारही भिंती एकमेकींस धरून राहतात.”

आत्याबाई बराच वेळ प्रबळगडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “जमीन हलते, हें मला ठाऊक आहे रे. कोणी तरी तें खरें सांगावें, एवढेंच मला हवें होतें. सदाशिवा, घराचा नकाशा काढशील तेव्हां ते तिन्ही पट्टे मला दाखव. आणि माझी निजावयाची खोली दाराजवळची ठेव.”

दादांनीं तेथेंच पुतण्याची वही मागून घेतली आणि कलाच्या मापांखालीं या दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या. परतण्यापूर्वीं आत्याबाईंनीं तांब्यांतलें उरलेलें पाणी आमच्या जमिनीच्या कोपऱ्यांतील आंब्याच्या रोपास घातलें. येत्या पावसाळ्यानंतर पाया खणावयाचा, असें ठरलें आहे.